गाडीमागचं वासरू

पुष्पा सिस्टरांना कुणीही "कशा आहात?" विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं, "उभी आहे." बसलेल्या असल्या तरी हेच. एकदा तापानं फणफणून पडल्या होत्या, मी पेजेचा डबा घेऊन गेले, तर डोळे न उघडता म्हणाल्या, "उभी आहे गं. ठेव तिथं." मला हसू आवरेना. त्यांना त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही.

मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्याच्या आरोग्य उपकेंद्रात त्या नर्स होत्या. मी त्याच भागातल्या अंगणवाड्यांवर देखरेख करणारी मुख्यसेविका. म्हणजे पोरं जन्माला यायची ती त्यांच्या हातात, आणि वर्षा-दोन वर्षांनी खिचडी खायला यायची माझ्याकडे. त्या मूळच्या साताऱ्याकडच्या. पहिलीच नेमणूक इकडे मिळाली, तेव्हा घरचे म्हणाले होते, वर्षभर काढ, मग बदलीचं बघू. आमच्याकडे नेमणूक झालेला प्रत्येक माणूस पहिल्या दिवसापासून बदलीचंच बघत असतो. सिस्टरांनी ते बघितलंच नाही. लग्नाचंही राहून गेलं. त्याबद्दल कुणी छेडलं तर म्हणायच्या, "मला कुठं वेळ होता? तुम्ही सगळ्या एकसारख्या बाळंत होत होतात."

चिडल्या की त्यांच्या तोंडून सातारा बाहेर पडायचा आणि माया आली की पोशेरा. बाईला कळा सुरू झाल्या की हात धरून, "जोर कर बाय, जोर कर, आता झालाच," आणि तिचा नवरा दारात तोंड पाडून उभा दिसला की, "हितं काय करतोयस रं मुडद्या? जीप बघ जा!" आणखी एक खोड म्हणजे समोरच्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून रक्त किती आहे ते बघणं. एकदा मोखाड्याला पंचायत समितीत आमची बैठक होती. तालुक्याचे मोठे साहेब भाषण करून खाली बसले, सिस्टर सरळ त्यांच्यापाशी गेल्या आणि पापणी ओढली. "साहेब, रक्त कमी आहे. नागलीची भाकरी खात जा." सभा गार. साहेब बिचारे खुर्चीत मान वर करून तसेच बसून राहिले.

आता मंजुळाचं सांगायला हवं, कारण ते सोडून सिस्टर कळायच्या नाहीत. अख्ख्या मोखाड्याला ठाऊक असलेली गोष्ट आहे. निदान मला तेव्हा वाटायचं की सगळी ठाऊक आहे.

पोशेऱ्याच्या एका पाड्यावर काशा नावाचा माणूस राहायचा. त्याची बायको बाळंतपणानंतरच्या तापात गेली. मागं मुलगी, अजून मान न धरणारी. दिवाळी झाली की आमच्याकडची माणसं वीटभट्ट्यांवर जातात, ती शिमग्याला चार दिवस घरी येतात आणि पुन्हा पाऊस लागेपर्यंत भट्टीवर. काशाच्या मुकादमाची गाडी दारात उभी होती. तो पोर फडक्यात गुंडाळून उपकेंद्रात आला. म्हणाला, "सिस्टर, भट्टीवर नेली तं पोर मरल. शिमग्यापावत ठेवा. शिमग्याला नेतू."

सिस्टरांनी ठेवली. शिमगा आला, काशा आला, पोरीचं गुटगुटीत अंग बघून चाट पडला, झबलं देऊन पुन्हा म्हणाला, "आता फुडल्या शिमग्याला नेतू." असे तीन शिमगे गेले. मंजुळा उपकेंद्राच्या ओट्यावर रांगली, तिथंच चालायला लागली. सिस्टर तिला "आई" म्हणू द्यायच्या नाहीत. "सिस्टर म्हण," म्हणायच्या. पोरीला ते जमेना, ती म्हणायची "शिश्टी". लसीकरणाला बाया जमल्या की ही त्यांच्यामधून सुया मोजल्यासारखं करत फिरायची आणि सिस्टर तिला ओरडायच्या. पण होळी जवळ आली, पळसाला रंग चढला की सिस्टरांचं जेवण तुटायचं. मी बोलायची, "अहो, कायदेशीर काहीतरी करून घ्या." त्या म्हणायच्या, "बाप जिवंत आहे तिचा. चांगला आहे. कायदा काय म्हणणार?"

चौथ्या शिमग्याला काशा नवी बायको घेऊन आला. बाई तलासरीकडची, समजूतदार. तिकडंच राहणार होती ती दोघं. मंजुळाला घेऊन गेली. मी त्या दिवशी जव्हारला होते, दुसऱ्या दिवशी धावत गेले. सिस्टर सुया उकळत होत्या. मी विचारलं, "रडली का हो?"

"थोडी."

"आणि तुम्ही?"

"मी उभी होते."

संपलं. त्यावर वीस वर्षांत एक अक्षर नाही. मीही मग विषय काढणं सोडलं.

त्या निवृत्त झाल्या, तेव्हा साताऱ्याहून भाऊ न्यायला आला. खोली तयार होती, भाचरं वाट बघत होती. सिस्टर गेल्या नाहीत. मोखाड्यात बाजाराच्या मागं एक खोली भाड्यानं घेतली. लोकांनी नाना तर्क केले. मला मात्र त्यांनी एकदा पालेभाजी निवडता निवडता सांगितलं, "ती आली तर सापडायला नको का मी? साताऱ्याला कुठं शोधत बसेल?"

मंजुळाचं लग्न होऊन तिला दाभोशाला दिली होती, हे तोवर आम्हाला कळलं होतं. जव्हारच्या पलीकडे, जीपनं जाऊन जीपनं परत यावं असं अंतर. मी म्हटलं, "मग तुम्हीच जा की." तर त्यांनी भाजीची जुडी अशी काही माझ्याकडे सरकवली की मी गप्प निवडायला लागले. त्यांना जायचं नव्हतं. तिनं यायला हवं होतं. का, ते मला तेव्हा कळलं नाही. हट्ट म्हणाले मी मनातल्या मनात, म्हातारपणी माणूस हट्टी होतं.

आता आफ्रिका. माझा मुलगा टांझानियात अरुषा नावाच्या गावी नोकरीला आहे. त्याचे बाबा गेल्यापासून माझ्यामागं लकडा, "आई, एकदा ये. जंगलातल्या कॅम्पमध्ये राहू, सिंह दाखवतो." मी बोरिवलीपर्यंत एकटी जाताना तीनदा पिशवी तपासणारी बाई, मी कसली जाते? तर म्हणाला, "सोबत कुणाला तरी घेऊन ये. आणि फेब्रुवारीत ये, तेव्हा विल्डबीस्ट वितात. हजारोंनी, सगळ्या एकाच वेळी." मी हे सिस्टरांना सहज सांगितलं. त्यांनी हातातलं काम थांबवलं.

"सगळ्या एकदम?"

"असं म्हणतो तो."

"आणि सुईण कोण?"

"सिस्टर, जनावरं आहेत ती."

"अगं, पण अडली एखादी तर?" आणि पाच मिनिटांनी, "मी येते."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण त्यांनी पासपोर्ट काढला, पिवळ्या तापाची लस टोचून घेतली, तेही टोचणाऱ्या पोरीला "सुईचा कोन चुकतोय तुझा" असं सांगून. विमानात मी जीव मुठीत धरून बसले होते आणि या बाई हवाई सुंदरीला खुणेनं सांगत होत्या की तुझ्या पायाला सूज आहे, पाय वर करून बस.

मुलाला ऐन वेळी सुट्टी मिळाली नाही. त्यानं आम्हाला एलियास नावाच्या ड्रायव्हरच्या हवाली केलं आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या त्या कॅम्पवर जाऊन पोचलो. मोठमोठे कापडी तंबू, लाकडी फळ्यांवर उभे केलेले, आत पलंग, पांढऱ्या चादरी, बाहेर दोन आरामखुर्च्या. आणि समोर मैदान. मी डोंगरात जन्म काढलेली बाई, माझी नजर कुठं ना कुठं अडायची सवय झालेली. इथं अडायला काहीच नाही. सपाट गवत, मध्ये एखादी छत्रीसारखी बाभूळ, आणि आभाळ. पहिल्या संध्याकाळी मला तिथं नुसतं बसवेना. सिस्टर मात्र खुर्चीत बसून म्हणाल्या, "बरं आहे. कुणी येत असलं तर लांबून दिसेल."

त्या रात्री अंथरुणात काहीतरी गरम, लिबलिबीत लागलं म्हणून मी किंचाळले. सिस्टरांनी पांघरूण उचलून बघितलं. गरम पाण्याची रबरी पिशवी, थंडीसाठी ठेवलेली. "सलाईन लावून ठेवलंय तुला," म्हणाल्या.

कॅम्पचा नियम असा की दिवस मावळला की तंबूतून एकटीनं बाहेर पडायचं नाही. जेवणाच्या तंबूपर्यंत न्यायला भाला घेतलेला उंच मसाई गडी यायचा. सिस्टरांना हे भारी लागलं. सगळा जन्म पाड्यापाड्यातून पायी फिरल्या, इथं चार पावलांना राखणदार. दिवसाही गाडीतून खाली उतरायचं नाही. "एवढी जमीन, आणि पाय टेकायची सोय नाही," म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या मसाई गड्याला थांबवलं, वाकायला सांगितलं आणि पापणी ओढली. गडी मुकाट्यानं वाकलेला, भाला एका हातात. "उत्तम," सिस्टर मला म्हणाल्या, "याला काही नको."

रात्रीचं जेवण एकाच लांब टेबलावर सगळ्यांनी मिळून असायचं. तिथं एक गोऱ्या आजीबाई होत्या, हसऱ्या. त्यांनी सिस्टरांना विचारलं, तुम्हाला मुलं किती? मी भाषांतर केलं आणि लगेच जीभ चावली. सिस्टर भोपळ्याचं सूप पीत होत्या. चमचा खाली ठेवून म्हणाल्या, "सांग त्यांना, एक होती. शिमग्यापर्यंत." हे मी इंग्रजीत कसं सांगणार? मी सांगितलं, नाहीत. आजीबाईंनी मान हलवली आणि मिठाची बाटली पुढं सरकवली. सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना इंग्रजी तेवढं येत होतं.

आता त्या जनावरांविषयी. विल्डबीस्ट म्हणजे धड गाय नाही, धड घोडा नाही, लांब उदास तोंडाचं, दाढीवालं जनावर. मैदान काळं पडलं होतं त्यांनी. सकाळी ऊन जरा चढलं की त्या वितात. एलियास गाडी उभी करायचा, वरचं छप्पर उघडायचा, आणि सिस्टर सीटवर उभ्या राहून डोकं बाहेर काढायच्या. माझा मुलगा म्हणाला होता सिंह बघा, चित्ता बघा. सिंह दिसले, बाभळीखाली पसरलेले. सिस्टरांनी एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "हे काय, झोपलेत नुसते. चल बायांकडे." एलियासला हे कळेना. पैसे भरून आलेली माणसं सिंहापासून हलत नाहीत, असा त्याचा अनुभव.

मग आम्ही "बायांकडे" जायचो. एखादी कळपाच्या कडेला जायची, बसायची, उठायची, गोल फिरायची. सिस्टरांचा श्वास तिच्याबरोबर चालायचा. "आली कळ. बघ. आली." आणि नकळत पोशेऱ्याची बोली, "जोर कर बाय, जोर कर." वासरू खाली पडलं, आईनं चाटलं, आणि ते थरथरत उठायला लागलं की सिस्टर गाडीच्या टपाचा दांडा घट्ट धरायच्या. पडायचं, उठायचं, पुन्हा पडायचं. आणि बघता बघता धावायला लागायचं! मी टाळ्या वाजवल्या तर एलियासनं ओठांवर बोट ठेवलं. सिस्टर खाली बसल्या, चष्मा पुसला, म्हणाल्या, "आमच्या बायांना सव्वा महिना लागतो उठायला. यांना तेवढीपण उसंत नाही." पण चेहरा असा फुलला होता की बदलीची पत्रं न लिहिणारी ती जुनी पुष्पा सिस्टर मला पुन्हा दिसली. एवढ्या खूश त्या कित्येक वर्षांत नव्हत्या.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या सकाळी ते झालं. लांबवर तरस दिसले आणि कळप एकदम उधळला. धूळ, खुरांचा आवाज, क्षणात सगळं पुढं. धूळ बसली तेव्हा एक वासरू मागं राहिलेलं. पाय अजून नीट ठरत नव्हते त्याचे. ते इकडेतिकडे बघत राहिलं आणि मग सरळ आमच्या गाडीकडे आलं. चाकाला नाक लावलं. गाडीच्या सावलीत उभं राहिलं. मी वाकून बघितलं तर माझ्याकडे तोंड करून हंबरलं.

एलियासनं कपाळाला हात लावला. त्यानं सांगितलं, आई चुकली की ही पिल्लं जे हलताना दिसेल त्याच्या मागं जातात. गाडीच्या मागंही जातात. त्याला वाटतंय की आपणच त्याची आई. थांबलो तर हे इथंच थांबेल आणि तरस परत येतील.

मी म्हटलं, गाडीत घेऊ या. एलियास म्हणाला, तसं करायची परवानगी नाही, आणि घेऊन त्याला पाजणार कोण? मी सिस्टरांना समजावून सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "कळप कुठं आहे?"

एलियासनं गाडी हळूहळू कळपाकडे नेली. वासरू मागं. आम्ही जरा भरभर गेलो की तेही दुडक्या चालीनं धावायचं. मी रडायलाच लागले. कळपाच्या अगदी जवळ गाडी उभी केली. तिथं आया होत्या, पिल्लं होती, एकमेकींचा वास घेत फिरत होत्या. आमचं वासरू मात्र चाकाला चिकटून. कळपाकडे पाठ. एलियास म्हणाला, आपण इथं आहोत तोवर ते तिकडे बघणारसुद्धा नाही.

सिस्टर उभ्या राहिल्या. छपरातून अंग बाहेर काढलं, खांद्यावरची शाल उपसली आणि वासराच्या अंगावर झटकली.

"ए! निघ! निघ हितनं!"

वासरू दचकून मागं सरलं, पुन्हा पुढं आलं.

"हट! कशाला चिकटतोयस? मी कोण लागते तुझी? कुणी नाही मी तुझी! जा तिकडं! जा म्हणते ना!" आणि पाण्याची स्टीलची बाटली टपाच्या दांड्यावर बडवायला लागल्या. ठण ठण ठण. एलियास हाताच्या खुणेनं गप्प राहा म्हणत होता, मग त्याला उमगलं असावं, त्यानं गाडी चालू केली आणि इंजिन जोरात गुरगुरवलं. सिस्टरांचा आवाज फाटला होता. "चालती हो! मला नकोस तू! तोंड दाखवू नकोस!"

वासरू थांबलं. कान पाडून बघत राहिलं. मग वळलं आणि कळपात घुसलं. एवढ्या काळ्या पाठी, एवढे पाय, लगेच दिसेनासं झालं. त्याला आई सापडली का, मी विचारलं. एलियास म्हणाला, कधी सापडते, कधी नाही. पण आता निदान योग्य ठिकाणी आहे.

सिस्टर खाली बसल्या. शाल बाहेरच लोंबत होती, ती मी आत ओढली. मला एव्हाना एक गोष्ट खुपत होती. वासराला कोण "चालती हो" म्हणतं?

आम्ही कॅम्पवर परतलो. सिस्टर तंबूसमोरच्या खुर्चीत बसल्यावर, दुपारच्या उन्हात मैदानाकडे बघत, म्हणाल्या, "तिलाही असंच हाकललं मी."

मी माझी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"ती काशाच्या बायकोकडे जाईना. माझी मांडी सोडेना. दोन्ही हातांनी पदर धरलेला. काशा म्हणाला, सिस्टर, राहू दे, नाय येत तं. त्याच्या तोंडून निघून गेलं गं ते, राहू दे म्हणून. मी हो म्हणाले असते तर आज..." थांबल्या. "पण ती बाई चांगली होती. पोरीला भाऊ-बहीण झाले असते. माझ्याकडे काय होतं? सुया. म्हटलं, सवय मोडायची तर एकदाच. अंगावरचं दूध तोडायला बाया कडुलिंब लावतात ना? पोर तोंड लावतं, कडू लागतं, रडतं आणि सोडतं. तसं केलं मी. म्हणाले, मी कुणी नाही तुझी. मला नकोस तू. चालती हो, तोंड दाखवू नकोस. आणि बोटं सोडवून ढकललं. दार लावून घेतलं."

"सिस्टर..."

"दाराच्या आत उभी होते मी. बाहेर ती शिश्टी, शिश्टी करत होती. मग आवाज लांब गेला."

मला त्यांचा हात धरावासा वाटला आणि धरलाही. गार होता. इतकी वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून भाज्या निवडल्या होत्या, आणि हा हात एवढं घेऊन बसला होता.

"म्हणून ती येत नाही," त्या म्हणाल्या. "मीच सांगितलंय ना, येऊ नकोस. मी कुठल्या तोंडानं जाऊ?" मग शालीची घडी घालत, "पण मी जाते आता. तिला एकदा सांगून येते की ते खरं नव्हतं. पुढं ती मला मारेना का."

आणि खरंच, परतल्यावर आठवड्याभरात त्या माझ्या जव्हारच्या घरी आल्या. नवी साडी. हातात लहान मुलाचं झबलं आणि बिस्किटांचा पुडा. मी सोबत गेले. जीपमध्ये त्या ओठ हलवत होत्या. आधी मला वाटलं जप चाललाय. मग ऐकू आलं, "मंजे, मी खोटं बोलले होते," हे वाक्य. पुन्हा पुन्हा म्हणून बघत होत्या.

दाभोशाला घर विचारत गेलो. अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती, सगळीकडे तो गोड आंबूस वास. एक तरुण बाई काठीनं कोंबड्या हाकत होती, कडेवर पोर. रुंद कपाळ, बापाचं नाक. मी कुंपणापाशीच थांबले. सिस्टर पुढं गेल्या.

"मंजुळा का गं तू? काशाची?"

"हां. तुमी कोन?"

"मी पोशेऱ्याची सिस्टर."

पोरीचा चेहरा उजळला, पण तो पाहुणी आली म्हणून उजळावा तसा. "अगं बाय! बा सांगं, तुला सिस्टरनी वाढवली म्हणून. बसा ना." तिनं बाज पुढं ओढली, पाणी आणलं, वाकून पाया पडली.

सिस्टर बसल्या नाहीत. "तुला काय आठवतं?"

"कसला?"

"तिथलं. ओटा. मी." आणि मग हळूच, "बा न्यायला आला तो दिवस."

मंजुळानं खरोखर आठवून बघितलं. मनापासून प्रयत्न करत होती, भुवया वर करून, म्हातारीला बरं वाटावं म्हणून. मग ओशाळून हसली. "नाय ओ सिस्टर. मना काय बी याद नाय. बारकी होतू ना."

"काहीच नाही?"

"नाय."

कोंबड्या पुन्हा मोहावर आल्या. तिनं त्यांना हुसकलं. "काय काम काढलं होतं, सिस्टर? एवढ्या लांब?"

सिस्टरांनी झबलं पोराच्या अंगाला लावून बघितलं. "काही नाही गं. दाभोशाचा धबधबा बघायला आलो होतो आम्ही."

"आता? शिमग्याच्या टायमाला? पाणी कुठं हाय त्याला!" ती खळखळून हसली. सिस्टरही हसल्या. पोराची पापणी ओढून बघितली, रक्त बरं आहे म्हणाल्या, आणि आम्ही निघालो. मंजुळा कुंपणापर्यंत आली. "परत या बरं का," असं म्हणाली. कुणालाही म्हणतात तसं.

जीपच्या वाटेवर मीच न राहवून बोलले. मला खरंच हायसं वाटलं होतं. "सिस्टर, सुटलात की हो तुम्ही! तुमचं ते बोलणं तिला आठवतसुद्धा नाही. इतकी वर्षं उगाच जीव जाळलात."

"हो. ते बरंच झालं," म्हणाल्या. आणि चार पावलांनंतर, "पण त्याच्या आधीचंही गेलं गं."

उन्हं तापली होती. त्या नेहमीसारख्या भराभर पुढं चालत राहिल्या.

पाऊस लागायच्या आत त्यांनी मोखाड्याची खोली सोडली. मला आदल्या दिवशी कळलं. मी स्टँडवर गेले तेव्हा नाशिकची बस लागलेली, सिस्टर आत खिडकीशी, पायाशी एक ट्रंक. नाशिकहून पुढं साताऱ्याला. मी खिडकीखाली उभी राहून भांडलेच त्यांच्याशी. म्हटलं, एवढी वर्षं राहिलात, आता या वयात कुठं निघालात? मंजुळानं आता तुम्हाला बघितलंय. उद्या ती आली म्हणजे?

"कशाला येईल?" त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. "रागावून बसली असती तर आली असती कधीतरी."

कंडक्टरनं घंटी दिली. मी म्हटलं, नीट राहा, फोन करा, कशा आहात ते कळवत जा. त्या काहीतरी म्हणाल्या, पण बस सुरू झाली होती, मला ऐकू आलं नाही. बाजाराचा दिवस होता. बस माणसांतून वाट काढत हळूहळू वळणापर्यंत गेली. मी हात हलवत होते. सिस्टर खिडकीतून मागं, रस्त्याकडे बघत होत्या, माझ्या डोक्यावरून पलीकडे, कुणी धावत येतंय का बघावं तशा. मीही वळून बघितलं. मागं धावत येणारं कुणी नव्हतं.